सहा झाकणांची बॅटरी

रविवारी सकाळी काका गाडीत जाऊन बसले की काकू आपोआप बाह्या सरसावायच्या. काका किल्ली फिरवायचे, गाडी झोपेतून उठवल्यासारखी एकदा कण्हायची आणि गप्प व्हायची. मग खिडकीतून काकांचं डोकं बाहेर यायचं, "अगं, जरा हात लावतेस?"

हा जरासा हात म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत धक्का. गाडी काकांच्याच वयाची. गडद हिरवी, पोट सुटलेली, आणि त्या काळी लोखंड फुकट मिळत असावं इतकी जड. पुढून हँडल मारायची सोय होती, पण त्या हँडलनं एकदा उलटा फटका देऊन काकांचं मनगट प्लास्टरमध्ये घातलं होतं. तेव्हापासून हँडल डिकीत आणि काकू गाडीमागे. काका गाडीला बाईसाहेब म्हणायचे. "बाईसाहेबांना आज थंडी वाजतेय," असं ते कौतुकानं सांगायचे, आणि काकू मनात म्हणायच्या, मला काय वाजतंय ते कोण विचारणार?

दोष सगळा बॅटरीचा होता, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्यानं तर काकांना रस्त्यात गाठून सांगितलं होतं, "काका, लहान गाड्यांची येते ना सीलबंद, ती घ्या. स्वस्तात मस्त. पाणी नको, काही नको. बसवा आणि विसरा."

"बॅटरी काय विसरायची वस्तू आहे?" काका म्हणाले आणि पुढे निघाले.

त्यांना हवी असायची जुन्या घडणीची. काळ्या कडक रबराचा, लहान ट्रंकेएवढा डबा, वरून डांबर ओतून बंद केलेला, आणि त्यावर ओळीनं सहा झाकणं. जुन्या गाड्यांच्या मंडळाला पसंत असलेला एकच कारागीर ती बनवायचा. भाव सोन्याचा आणि आयुष्य काकडीचं. तरी तीच हवी, कारण मंडळाचे अध्यक्ष. त्यांना सगळे माघारी मूळपुरुष म्हणायचे. गाडीत जे मूळचं नाही ते त्यांना खपायचं नाही. एखादा नवा स्क्रू दिसला तरी ते घरातलं कुणी गेल्यासारखे च्च च्च करायचे. काकांच्या गाडीच्या नाकावर 'अस्सल' लिहिलेला पितळी बिल्ला त्यांनी स्वतःच्या हातानं बसवला होता.

काका नोकरीत वजन-मापांचे निरीक्षक होते. ते दुकानात शिरले की तराजू आपणहून सरळ व्हायचा, असं लोक म्हणत. उभ्या नोकरीत त्यांनी कुणाचं चिमूटभर कमी चालवून घेतलं नाही की जास्त घेतलं नाही. हीच शिस्त बोलण्यालाही. घरात "हं", "बरं" आणि जेवताना "मीठ", एवढ्यात त्यांचा दिवस भागायचा.

पण गाडी चालू लागली की माणूस बदलायचा. हात चाकावर गेले की कुठलीशी खिट्टी निघायची आणि काका बोलू लागायचे. वजनाच्या पोटात मेण भरणारा वाणी, लहानपणी विहिरीत पडलेली चप्पल, साहेबाचा वास येणारा कोट, काय वाट्टेल ते. एकदा पुलाच्या चढावर तर त्यांनी सांगून टाकलं होतं की काकूंना पहिल्यांदा भेटायला आले तेव्हा त्यांचे गुडघे इतके लटपटत होते की चहाची बशी त्यांनी मुद्दाम टेबलावर ठेवली. इतकी वर्षं काकू समजत होत्या की माणसाला चहा आवडला नाही. शेजारणी म्हणायच्या, ही गाडी म्हणजे तुमची सवत हो. काकूंना ते पटायचं नाही. जिच्यासमोर नवरा तोंड उघडतो अशी सवत कोण घालवेल? म्हणून तर गुडघे कुरकुरत असतानाही त्या धक्का मारत होत्या.

आणि मग मंडळाची दोन दिवसांची सहल आली. त्या सकाळी बाईसाहेब कण्हल्यासुद्धा नाहीत. अर्धी गल्ली धक्क्याला लागली, पण गाडी काही बोलेना. शेवटी काका मूळपुरुषांच्या गाडीत मागच्या सीटवर बसून गेले, त्यांच्या कुत्र्याला मांडीवर घेऊन. निघताना काकूंकडे न बघता म्हणाले, "परत आलो की विकून टाकू. दातांच्या डॉक्टरला सांगतो, तो कधीचा मागतोय."

काकू फाटकात उभ्या राहिल्या. गाडी गेली की रविवारही "हं" आणि "बरं" मध्ये जाणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं. मग त्यांनी एक अशी गोष्ट केली जी त्यांनी संसारात कधी केली नव्हती. त्या जिना चढून वन्संकडे मदत मागायला गेल्या.

वन्सं म्हणजे काकांची थोरली बहीण. वरच्या मजल्यावर एकटी राहायची आणि खाली पाणी सांडायची. नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य साऱ्या गल्लीला माहीत. पण वन्संनी आयुष्यभर शाळेची रसायनशाळा सांभाळली होती. आम्ल म्हटलं की त्यांच्या डोळ्यांत अजून चमक यायची.

काकूंनी सगळं सांगितलं. वन्सं म्हणाल्या, "म्हणजे माझ्या भावाला फसवायचं?"

"हो."

"थांब, चष्मा घेते."

बॅटरीवाला हत्यारं घेऊन आला. काय करायचंय ते कळल्यावर त्याला इतकं हसू फुटलं की तो फुटपाथवरच बसला. "काकू, हे म्हणजे म्हाताऱ्याच्या कोटात तरणा पोरगा!"

"कोट मात्र उसवता कामा नये," काकू म्हणाल्या. त्या गाद्या-उशा आणि गाड्यांच्या सीटा शिवायच्या. शिवण दिसली तर काम वाया गेलं, हा त्यांचा धंद्यातला पहिला नियम.

मागच्या अंगणात काम चाललं. बॅटरीवाल्यानं डांबर मंद आचेनं मऊ करून सहा झाकणांसकट वरचा भाग अखंड उचलला. आतलं आम्ल वन्संनी हातमोजे घालून बरणीत काढून ठेवलं, फुकट जाऊ देतील तर त्या वन्सं कसल्या! शिशाच्या पट्ट्या बॅटरीवाल्यानं बाजूला काढल्या. रिकामा डबा सोड्याच्या पाण्यानं धुतला आणि त्यात लहान गाडीची सीलबंद बॅटरी बसवली. ती इतकी सुटसुटीत की आजूबाजूला जागा उरली. काकूंनी तिथे सीटमधला जाड फोम कापून ठासला, म्हणजे खडखड नको. नव्या बॅटरीच्या दोन तारा आतूनच जुन्या शिशाच्या खुंट्यांना जोडल्या.

"झालं," बॅटरीवाला म्हणाला.

"कसलं झालं?" वन्सं म्हणाल्या. "तो दर रविवारी प्रत्येक झाकण उघडून पाणी घालतो आणि हायड्रोमीटर बुडवतो. कोरडं लागलं तर?"

हायड्रोमीटर म्हणजे काकांचा लाडका. काचेची नळी, वर रबरी फुगा. बॅटरीतलं आम्ल वर ओढलं की आतला दांडा तरंगतो. हिरव्या पट्टीवर तरंगला तर बॅटरी ठणठणीत, पांढऱ्यावर तर मध्यम, लाल पट्टीपर्यंत बुडला तर संपली.

वन्सं वर जाऊन सहा रुंद परीक्षानळ्या घेऊन आल्या. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं त्यांना घड्याळ दिलं होतं; नळ्या त्यांनी स्वतःच स्वतःला दिल्या होत्या. प्रत्येक झाकणाखाली एकेक नळी बसवली, बरणीतल्या थकलेल्या आम्लात आपल्याजवळचं कडक आम्ल मिसळून ते तीत ओतलं, वरचा भाग पुन्हा डांबरानं चिकटवला. हायड्रोमीटर बुडवला तर दांडा थेट हिरव्यावर.

"वहिनी," वन्सं म्हणाल्या, "आपण दोघी आधीच का नाही गं एकत्र आलो?"

"तुम्ही पाणी सांडायचात म्हणून."

काका परत आले ते अंगाला कुत्र्याचे केस घेऊन आणि पडलेल्या चेहऱ्यानं. दातांचा डॉक्टर संध्याकाळी गाडी बघायला येणार होता. निदान सावलीतून बाहेर तरी काढू म्हणून त्यांनी सवयीनं किल्ली फिरवली, सवयीनं डोकं बाहेर काढलं आणि "अगं, जरा" इतकंच म्हणाले, कारण तोवर गाडी सुरू झाली होती.

त्यांनी ती बंद केली. पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद केली. मग खाली उतरून बॉनेटवर हात ठेवला. "जाण्याआधी मी रात्रभर चार्जिंगला लावली होती," ते गंभीरपणे म्हणाले. "त्याचा गुण उशिरा आला."

"असेल बाई," काकू म्हणाल्या. वरच्या खिडकीत वन्संचा पडदा गदगदत होता.

डॉक्टरला नकार गेला. रविवार परत आले, तेही धक्क्याशिवाय. काकू आता गाडी सुरू होताना आत बसलेल्या असायच्या. काका बोलायचे, तलावापर्यंत जाताना बोलायचे, येताना बोलायचे.

फक्त पाणी तेवढं अडलं. पहिल्याच रविवारी काका शुद्ध पाण्याची बाटली घेऊन ओणवे झाले, एकेक झाकण उघडलं आणि बघतात तर सगळं काठोकाठ. नळ्यांतलं आम्ल कशाला आटेल? "एक थेंबही प्यायली नाही," ते म्हणाले. आवाजात कौतुक होतं, पण हातातल्या बाटलीचं काय करावं हे न कळून ते तसेच उभे राहिले. पाहुणा जेवूनच आला म्हणाल्यावर वाढणारा उभा राहतो तसे. पुढच्या शनिवारी दुपारी काका झोपले असताना काकू औषधाचा मोठा ड्रॉपर घेऊन गेल्या आणि प्रत्येक नळीतलं थोडं थोडं काढून टाकलं. रविवारी काकांनी सहाही ठिकाणी पाणी घातलं, शीळ वाजवली. मग ते दर शनिवारचंच झालं.

वन्संना त्यांनी हे सांगितलं नाही. नवऱ्याचे लाड नणंदेला सांगायचे नसतात.

आणि तिथेच माती खाल्ली. हळूहळू काकांच्या हायड्रोमीटरमधला दांडा बुडू लागला. हिरव्याचा पांढऱ्यावर आला, पांढऱ्याचा लालकडे सरकला. काका गाडीतही गप्प होऊ लागले.

"बॅटरी गेली आहे," एका रविवारी ते म्हणाले. गाडी तेव्हा चढावर मजेत धावत होती.

"अहो, पण चालतेय की."

"चालतेय. पण गेली आहे. माप खोटं बोलत नाही."

घरी पोचल्याबरोबर काकू धावत वर गेल्या. वन्संनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "अगं शहाणे! तू काढतेस आम्ल आणि तो घालतो पाणी! त्या नळ्यांत आता सरबतही नाही उरलं. मला विचारायचंस तरी!"

"विचारलं असतं तर तुम्ही हसला असता."

"आता काय रडतेय का मी?"

त्याच दिवशी वन्संनी बरणी काढली आणि नळ्यांमध्ये आम्लाची भर घातली. पण बरणीही इतक्या दिवसांत उघडी राहून आटली होती, आणि वन्संचा हातही सढळ. पुढच्या रविवारी काकांनी फुगा दाबला तर दांडा हिरव्याच्याही वर, नळीच्या टाळूला जाऊन टेकला.

काकांनी नळी धुतली, पुसली, परत बुडवली. मग ते स्वयंपाकघरात आले आणि ओट्याला टेकून म्हणाले, "ती आपणहून बरी झाली."

"कोण?"

"मेलेली बॅटरी. जिवंत झाली. असं कुठेही घडलेलं नाही. मी अध्यक्षांना कळवलंय."

काकूंच्या हातातलं झाकण पडलं.

मूळपुरुषांनी तर ढोल पिटले. मूळच्या वस्तूत असा गुण असतोच, नव्यात कुठून येणार, असं म्हणून त्यांनी पुढच्या रविवारी मैदानात सगळ्या मंडळाला बोलावलं. ते स्वतःचा हायड्रोमीटर आणणार, सर्वांसमक्ष तपासणार, आणि काका चार शब्द बोलणार. घरात "मीठ" म्हणणारा माणूस आठवडाभर आरशासमोर उभा राहून भाषणाची तयारी करू लागला. "मित्रहो," असं म्हणायचे, आणि थांबून पुन्हा, जरा खालच्या पट्टीत, "मित्रहो."

"सांगू नकोस," वन्संचं मत पडलं. "मी त्या दिवशी बरोब्बर हिरव्यावर आणून ठेवते."

"आणि पुढच्या महिन्यात? ते हे सगळीकडे सांगत सुटतील, वन्सं. कुणीतरी एक दिवस डबा उघडेलच. उभ्या जन्मात ज्यानं खोटं माप चालू दिलं नाही, त्याच्याच घरात खोटं माप सापडेल, तेही चारचौघांत."

वन्सं चष्मा पुसत राहिल्या. "मग तो बोलायचा बंद होईल, वहिनी. माझा भाऊ आहे तो. एकदा माझ्याशी पतंगावरून अबोला धरला होता, पुरतं वर्षभर."

काकूंनाही तीच भीती होती. सगळं ज्यासाठी केलं तेच जाणार. पण "मित्रहो" ऐकवत नव्हतं.

रविवारी दोघं मैदानाकडे निघाली. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. तलावाच्या कडेनं जाताना त्यांनी वजनात मेण भरणाऱ्या वाण्याची गोष्ट काढली, भाषणात घालावी का म्हणून. काकू म्हणाल्या, "त्याच्या पोटात मेण होतं ना, तसं आपल्या बॅटरीच्या पोटात दुसरी बॅटरी आहे."

काका हसले. मग हसायचे थांबले.

"नवी. सीलबंद. कोपऱ्यावरून आणली," काकू समोर बघत भराभर सांगत गेल्या. "झाकणांखाली वन्संच्या नळ्या आहेत. त्यातलं मी काढायची, तुम्ही घालायचात. मग पातळ झालं म्हणून वन्संनी ओतलं, ते जास्त झालं. मेलेलं कुणी जिवंत झालेलं नाही. मी तुम्हाला फसवलंय."

काकांनी गाडी कडेला घेतली. उतरले, बॉनेट उघडलं, खिशातल्या चाकूनं डांबराची कड सोडवली आणि वरचा भाग उचलला. कितीतरी वेळ ते आत वाकून होते. काकू सीटवर तशाच बसून राहिल्या. तलावात कुणीतरी दगड मारत होतं, टुबुक, टुबुक.

काका झाकण जागच्या जागी ठेवून परत आले. बसले. किल्ली फिरवली, गाडी लगेच सुरू झाली. मैदान येईपर्यंत त्यांनी एक शब्द काढला नाही. काकूंनी मनाशी हिशेब केला की इतके दिवस बोलले, तेवढं तरी आपल्या पदरात पडलं.

मैदानात मंडळी गोल करून उभी होती. मूळपुरुषांनी आपला हायड्रोमीटर सगळ्यांना वर करून दाखवला आणि पहिल्या झाकणाकडे वाकले. काका म्हणाले, "थांबा. उगाच कष्ट घेऊ नका." आणि त्यांनी सहाच्या सहा झाकणांसकट टोपण उचलून बाजूला ठेवलं.

आतली चकचकीत, निळ्या लेबलाची बॅटरी फोमच्या गादीत बाळंतिणीसारखी पहुडली होती. मूळपुरुषांच्या तोंडून च्च सुद्धा निघालं नाही.

"मित्रहो," काका म्हणाले, आणि आठवडाभर घोटलेलं सगळं विसरले. "मी नोकरीत असताना मला भल्याभल्यांनी फसवून पाहिलं. कुणाला जमलं नाही. हे काम माझ्या बायकोनं आणि बहिणीनं केलंय. शिवण कुठे दिसतेय का बघा." मग जरा थांबून, "बॅटरी चांगली आहे. स्वस्तही आहे म्हणे."

कुणीतरी खोकलं. मूळपुरुषांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि गाडीच्या नाकावरचा बिल्ला उतरवायला घेतला. एक स्क्रू गंजलेला होता, निघेना; काकांनीच तो धरून मदत केली. त्या गडबडीत मूळपुरुषांची बायको काकूंच्या खिडकीशी आली आणि कुजबुजली, "नळ्यांचं माप काय हो? आमच्या गाडीमागे माझीच कंबर जाते."

परतीच्या वाटेवर काकूंनी हात मांडीवर ठेवले आणि अबोल्याची तयारी केली. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं.

"किती काढायचीस?" काकांनी विचारलं.

"काय?"

"नळीतून. दर शनिवारी. किती?"

"थोडं थोडं."

"थोडं म्हणजे किती? सहाही नळ्यांतून सारखं?"

"अहो, मी काय मोजत बसणार? अंदाजानं."

"अंदाजानं!" काकांनी चाकावर हात आपटला, हॉर्नच वाजला आणि एक सायकलवाला दचकला. "फसवलंस ते फसवलंस, पण अंदाजानं? ड्रॉपरवर रेघा असतात, त्या कशासाठी असतात? आणि ती आक्का, रसायनशाळा सांभाळली म्हणते, तिनं ओतताना मोजपात्र घेतलं नाही? चिंधीनं धरून ओतलं असेल, ओळखतो मी तिला. लहानपणी दुधात साखर घालायची ती मुठीनं! अगं, काढलं तेवढंच घातलं असतं, तर मला जन्मात कळलं नसतं. आणि डावीकडची तार बारीक आहे, ती बदलायला सांग त्याला, तापेल ती. फोम चांगला कापलायस. पण फोम आणि तार यांच्यात अंतर ठेवायचं असतं, का ठेवायचं ते सांगतो..."

घराकडे वळायचा रस्ता मागे पडला होता, ते काकूंनी त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही. त्यांनी खिडकीची काच वर केली, म्हणजे वाऱ्यानं एकही शब्द बाहेर जायला नको.